डब्यातला गबदू

शिलाई कारखान्याच्या पाळणाघरात बावीस वर्षं मुलं सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. मशिनवरच्या बाया म्हणत, मुलं म्हणत, मुकादमही म्हणे, आणि तो तर तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, पण ती हकिगत इथे कामाची नाही. तिला मुलांची फार माया होती असंही कुणी समजू नये. "मुलं म्हणजे काम," ती म्हणे. "कामाला काय आवडनिवड विचारायची?" पण काम चोख. तिच्या हाताखाली पडलेलं पोर शेंबडं घरी गेलं नाही.

पाळणाघर म्हणजे एक लांबट खोली. गजांच्या दोन खिडक्या, एक मोरी, कोपऱ्यात शेगडी. मागच्या दारातून आत गेलं की दहा बाय दहाची आणखी एक खोली, ती मावशीला राहायला. नोकरी आहे तोवर खोली. नोकरी गेली की आठ दिवसांत कुलपासकट परत करायची, असं नेमणुकीच्या कागदावर छापलेलंच होतं. त्या खोलीत खाट, आणि खाटेवर मावशीची थोरली बहीण. नऊ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली तेव्हापासून अक्काचं कमरेखालचं अंग गेलं होतं. जीभ मात्र शाबूत, आणि कान तर विचारूच नका. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला अक्का होती.

टंचाई आली ती चोरपावलांनी. आधी साखर गेली, मग तेल, मग साबण, आणि सगळ्यांची सवय होते न होते तोच पीठ गेलं. कुणी लढाईला बोल लावी, कुणी आभाळाला, कुणी साठेबाजांना. ज्याला जे सोयीचं ते तो म्हणे. पोट कुणाच्याच म्हणण्याने भरेना. कारखान्याचं अंगण पुरवठा खात्याने पीठवाटपाला घेतलं. जिथे मुलं घसरगुंडी खेळायची तिथे सकाळपासून माणसांच्या रांगा. गर्दीत मूल हरवलं तर कोण निस्तरणार, म्हणून पाळणाघराच्या दाराला बाहेरून कडी. सकाळी सातला आया पोरं आत सोडत, संध्याकाळी सहाला नेत. मधले अकरा तास तेवीस मुलं आणि एक बाई त्या खोलीत कोंडलेली.

बरं, खेळायला काही असावं तर तेही नाही. लाकडी खेळणी आदल्या थंडीत शेगडीत गेली होती. शेवटी डुलणारा घोडा गेला तेव्हा अक्का आतून म्हणाली होती, "जन्मभर जागच्या जागी डुलला मेला, आज पहिल्यांदा कामाला आला." कागद मिळत नव्हता, खडू मिळत नव्हते. मग मुलं चावायला लागली. रागाने नाही, उद्योग म्हणून. एकाने सुरू केलं आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या मनगटांवर दातांच्या गोल खुणा दिसायला लागल्या. आया भांडायला आल्या. मावशी म्हणाली, "तुम्ही एक दिवस बसा इथे. तुम्हीही चावाल."

त्याच दिवसांत गबदू गेला.

गबदू म्हणजे काजवालीचा मुलगा. ती सदऱ्यांची काजं करायची म्हणून काजवाली, आणि तो गालांनी गबदूल म्हणून गबदू. त्याचं खरं नाव आई रागावली की तेवढं ऐकू यायचं. पटावरसुद्धा मावशीने गबदूच लिहिलं होतं. काजवालीच्या बापाने अंथरूण धरल्याचा निरोप आला, तशी ती भर दुपारी मशिन सोडून उठली, पोराला काखोटीला मारलं आणि जाता जाता म्हणाली, "मावशी, आठ दिवसांत येते."

नियम असा होता की मूल तीन दिवस आलं नाही तर नाव कापायचं आणि त्याच्या वाट्याचं पीठ परत पाठवायचं. एकदा कापलेलं नाव पुन्हा घालायचं नाही, कारण नवी नावं बंद होती. मावशीने विचार केला, आठच दिवस तर म्हणालीये. ठेवू. शनिवारी पीठ आलं ते तेवीस जणांचं आलं, माणशी सहा वाट्या. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. नाव ठेवताना मनात गबदू होता हे खरं. पण लापशी आता बावीस जणांत थोडी दाट होत होती, आणि त्यातली एक पळी अक्काच्या ताटलीत जात होती, हेही खरंच.

मग एक दिवस एकीने दुसऱ्याचा कान चावला, चांगला रक्त येईपर्यंत. मावशीचं डोकं फिरलं. तिने गबदूच्या पिठातल्या चार मुठी परातीत घेतल्या, पाणी घातलं, मळल्या आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळा आपटला. "घ्या! हे चावा!"

त्यांनी चावलं. चावलं आणि गिळलं. मिनिटभरात परात स्वच्छ. कच्चं पीठ! मावशी कपाळाला हात लावून बसली आणि दुसऱ्या दिवशी शहाणी झाली. दोन वाट्या पिठाला एक वाटी मीठ. मीठ दुकानांत लागेल तेवढं पडून होतं. शिजवायलाच काही नाही तर मीठ नेतंय कोण? मुलांनी तोंडात घातलं, थू थू केलं, मावशीकडे फसवल्यासारखं बघितलं. आणि मग हळूहळू हातांत काहीतरी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी दुपारी अक्काने आतून हाक मारली, "अगं, मेली की काय सगळी? आवाज नाही!"

मेली नव्हती, रांग करत होती. पिठाची बोटभर माणसं एकामागे एक उभी, आणि टोकाला एक माणूस खिडकीत बसलेला. खिडकीतला माणूस म्हणायचा, "संपलं!" मग सगळी माणसं मोडायची, पुन्हा करायची, पुन्हा रांग. तासन्‌तास. त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. पण चावाचावी थांबली.

मावशीची पद्धत ठरून गेली. सकाळी गोळा डब्यातून काढायचा, दोऱ्याने त्याचे सारखे तुकडे पाडायचे, एकेकाला एकेक. पाच वाजता ज्याने त्याने आपला तुकडा परत करायचा. मग सगळ्यांचं मिळून पुन्हा मळायचं, सुकलं असेल तर पाण्याचा हात, सैल झालं असेल तर चिमूट दोन चिमूट नवं पीठ. ओलं फडकं गुंडाळून डब्यात ठेवायचं. असं ते महिना महिना टिकतं. रंग तेवढा राखी झाला, बावीस जणांच्या हातांचा.

एकदा कुणीतरी विचारलं, "मावशी, हे पीठ कुणाचं?"

मावशी मोरीत पातेलं घासत होती. "गबदूचं," ती म्हणाली. "तो नाही ना, म्हणून त्याचं आपल्याला."

एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून गोळ्याचं नावच गबदू पडलं. सकाळी दारातूनच, "गबदू उठला का?" संध्याकाळी डब्याचं झाकण लागलं की, "गबदू झोपला." खरा गबदू तीन वर्षांचा, धाकटी मुलं तर त्याला विसरूनही गेली होती.

"बये," अक्का रात्रीच्या जेवणाला म्हणाली, "त्या गोळ्याला दुसरं काहीतरी नाव दे. पोरांच्या तोंडाला कुलूप नसतं."

"मुलांचं कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय ना."

अडीच महिने झाले असतील, तेव्हा पुरवठा खात्याची तपासनीस बाई आली. किरकोळ अंगाची, चाळिशीची, खांद्याला पिशवी. आल्या आल्या स्टुलावर बसली आणि पट उघडून नावं घ्यायला लागली. मावशीने उत्तर घोटून ठेवलं होतं. गबदूला ताप आहे, घरी आहे, सोमवारी येईल.

"गबदू?"

मावशीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी बावीस तोंडं उघडली. "डब्यात!"

बाईने मान वर केली. "कुठे?"

"डब्यात झोपलाय," एक मुलगा समजुतीने म्हणाला. "ओल्या फडक्याखाली."

"तो उठला की मावशी त्याचे तुकडे करते," कान चावणारी मुलगी म्हणाली. "दोऱ्याने. मग आम्ही त्याची माणसं करतो."

तपासनीस बाईचा चेहरा असा पांढरा पडला की मावशीलाच तिची कीव आली. बाई उठली. डबा फळीवर होता. तिने झाकण काढलं, फडकं बोटाच्या टोकाने बाजूला केलं, आणि मोठा श्वास सोडला. मग श्वास संपला आणि राग आला. गोळ्याची चिमूट काढून तिने जिभेवर ठेवली आणि मोरीकडे जाऊन थुंकली.

"मीठ?"

"खाऊ नयेत म्हणून," मावशी म्हणाली.

"खाऊ नयेत म्हणून! मावशी, दाराबाहेर माणसं पहाटेपासून उभी आहेत. आणि तुम्ही पिठाचा चिखल करून पोरांना खेळायला देता? ते मूल कुठे आहे?"

"गावी. आईबरोबर."

"कधीपासून?"

"अडीच महिने."

"आणि रोजच्या हजेरीवर सही तुमची."

"माझीच."

भिंतीपलीकडे खाट करकरली. मुलांना एव्हाना कंटाळा आला होता. एकाने डब्यातला गोळा घेऊन तपासनीस बाईच्या हातात एक लचका दिला, पाहुण्याला पाणी द्यावं तसा. ती तो हातात घेऊन बसली. बोलता बोलता तिची बोटं चालत होती. मावशीने बघितलं, बाईने लहानसा बूट केला होता, जीभ आणि बंदासकट.

"माझ्या घरी दोन आहेत," बाई म्हणाली. आवाज खाली आला होता. "लोकांना वाटतं पुरवठ्यातल्या बाईच्या घरी पोती भरलेली असतील. आम्हाला वाटा एकच, मुलांना वेगळा नाही. कारखान्यातल्या मुलांना आहे. माझ्या मुलांना नाही." तिने बूट मोडला, गोळ्याला लावला, हात पुसले आणि पटावर गबदूच्या नावापुढे बरोबरची खूण केली. "शनिवारी येईन. याचा वाटा बांधून ठेवा."

मावशीला क्षणभर कळलंच नाही. "सगळा?"

"सगळा. डब्यातला राहू दे तुमच्याकडे."

ती गेल्यावर अक्का म्हणाली, "मी सांगत होते." त्यावर मावशीने जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

असे दोन महिने गेले. शनिवारी पीठ यायचं, गबदूच्या सहा वाट्या फडक्यात बांधल्या जायच्या, बाई यायची, पट तपासायची, पुरचुंडी पिशवीत टाकायची. बोलणं बेताचं. एकदा तिने विचारलं, "मीठ किती घालता?" मावशीने सांगितलं. घरी कशासाठी हवं होतं तो विषय दोघींनीही काढला नाही. लापशी पुन्हा पातळ झाली आणि अक्काची पळी बंद झाली. गोळ्याला नवं पीठ नव्हतं. मावशी तो पाण्यावरच जगवत होती.

आणि मग एका मंगळवारी सकाळी काजवाली दारात उभी राहिली. हाताला एक मूल. मावशीने आधी आईला ओळखलं आणि मग अंदाजाने मुलाला. गाल गेले होते. डोळे तेवढे मोठे झाले होते.

"बाप गेला," काजवाली म्हणाली. "मग भावाने महिनाभर ठेवलं आणि हाकललं. मुकादमाने मशिन दिलंय परत. पण मावशी, याचं नाव? कापलं असेल ना? नवी नावं घेत नाहीत म्हणे."

"आहे नाव."

"आहे?"

"आहे म्हटलं ना. पटावर आहे."

काजवालीने मावशीचे दोन्ही हात धरले आणि दारातच रडायला लागली. "दुसरी कुणी असती तर कापून मोकळी झाली असती. तुम्ही माझ्या पोरासाठी साडेचार महिने…" मावशी हात सोडवून घ्यायला बघत होती. आजवर तिने पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. त्या अंगावरून पाण्यासारख्या जायच्या. हे आभार मात्र अंगात रुतले.

पोरगं आत गेलं. मुलांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं.

"तू कोण?"

"गबदू."

"हॅट! गबदू डब्यात आहे."

दुपारी सगळी झोपली तेव्हा मावशी आत जाऊन अक्काच्या पायथ्याशी बसली.

"जा आणि सांगून टाक वर," अक्का म्हणाली. "चूक झाली म्हणावं."

"काय सांगू? साडेचार महिने खोटी हजेरी लावली? मग नाव खोटं ठरतं. खोटं नाव कापतात. कापलं की परत घालत नाहीत. ते पोर बघितलंस का तू? नाही ना बघितलंस. मी बघितलंय."

"मग त्या बाईला नाही म्हण."

"ती पट वर पाठवेल. तेच नाव कापलं जाईल आणि वर ही खोली जाईल. तुला घेऊन मी कुठे बसू, रांगेत?"

अक्का छताकडे बघत राहिली. "म्हणजे खोटं बोललीस तेव्हा सोय होती, आता खरं बोलायचीही सोय नाही."

"हो."

"पीठ तरी कुणाकुणाचं पुरणार?"

मावशीने अक्काच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग अक्कानेच म्हटलं, "आपल्याला दोघींना बारा वाट्या येतात. माझ्या सहा दे तिला. मी काही डोंगर चढत नाही."

"आधी बोलून बघते."

शनिवारी मावशी बोलली. तपासनीस बाईने लापशी खाणाऱ्या गबदूकडे बघितलं, बराच वेळ. "हा तो?"

"हा."

"दोन महिने माझी दोघं याच्यावर…" तिने वाक्य पुरं केलं नाही. ती वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मावशीला सोपं गेलं असतं. "मावशी, धाकटी आत्ता कुठे जरा अंग धरतेय. मी तिला काय सांगू?" मग दाराकडे जाता जाता, मान न वळवता, "मी शनिवारी येते."

झालं. अक्काच्या सहा वाट्या फडक्यात गेल्या. दोघी बहिणी उरलेल्या सहांत आठवडा काढायला लागल्या. माणूस हळूहळू कसा उतरतो ते त्याचं त्याला कळत नाही. मावशीला कळलं ते चपलेमुळे. चप्पल पायातून निसटायला लागली, म्हणून तिने अंगठ्याशी चिंधी घातली. अक्काला उचलून कूस बदलायची तर पूर्वी धाप लागायची, आता लागेना. अक्काचंच वजन राहिलं नव्हतं. "बघ," अक्का म्हणाली, "तुझीच सोय झाली."

एका गुरुवारी मावशीने मुलांच्या पातेल्यातली दोन पळ्या लापशी आपल्या वाटीत काढली आणि मोरीत पाठमोरी उभी राहून खाल्ली. पातेल्यात तेवढंच पाणी ओतलं. उगाच सोवळेपणाचा आव कशाला? खाल्ली. अक्कापर्यंत वास गेला होता. "आज कुणाची?" तिने विचारलं. मावशीने पुन्हा तसं केलं नाही, पण ते अक्काच्या विचारण्यामुळे. मनाच्या मोठेपणामुळे नव्हे.

डब्यातला गोळा आक्रसत चालला होता. कडा सुकून तुटायच्या, त्या मोरीत जायच्या. आता एकेकाला सुपारीएवढा तुकडा मिळे. मुलांची माणसं आखूड झाली, रांगा छोट्या झाल्या. गबदू एकटाच काही करायचा नाही. तो आपला तुकडा चाटत बसायचा. मावशीने हातावर चापट मारली, सगळ्यांदेखत रागावली, मीठ आणखी वाढवलं. तो चाटायचा, पाणी प्यायचा, पुन्हा चाटायचा. शेवटी ती त्याला तुकडाच देईनाशी झाली. मग तो तिच्या मांडीला टेकून बसायचा आणि ती त्याला ढकलायची नाही. काजवाली रोज संध्याकाळी त्याला न्यायला आली की म्हणायची, "मावशी, तुमचे उपकार." मावशी म्हणायची, "ने बाई लवकर, मला कडी लावू दे."

सात महिने असे गेले. अठ्ठावीस-तीस शनिवार. हाताला एखादी गोष्ट एवढ्यांदा करायला लावली की हात डोक्याला विचारायचं सोडतो, आणि तिथेच घात झाला.

त्या शनिवारी मावशी लापशी ढवळत होती. दाराची कडी वाजली, पावलं आली. पातेल्यावरून नजर न काढता तिने डाव्या हाताने पुरचुंडी उचलली आणि मागे धरली.

कुणी घेईना.

"हे काय आहे?" पुरुषाचा आवाज.

मावशी वळली. कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला पेन्सिल, वय फार तर तीस. "तपासनीस बाईंची बदली झाली," तो म्हणाला. "आता मी. हे काय देताय?"

मावशीच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. गबदूचं पीठ म्हणावं तर गबदू समोर बसलेला. बाईंसाठी म्हणावं तर सगळा धागा उसवत पहिल्या सहीपर्यंत जाणार. तुमच्यासाठी म्हणावं तर लाच. तीन दारं, आणि तिन्ही त्याच खड्ड्यावर उघडणारी.

"पीठ आहे," ती म्हणाली.

"ते दिसतंय. कुणाचं?"

"माझं. माझ्या घरच्या वाट्याचं."

"मग मला का?"

"तुम्हाला कोण देतंय? तुमच्यामागे डबा आहे, त्यात ठेवत होते. सरका जरा." आणि तोंडाला लगाम लागायच्या आत पुढचं निघून गेलं, "मुलांच्या खेळण्यात घालायचंय."

"खेळण्यात?"

"मीठ घालून मळते. मुलं खेळतात."

तो हसला नाही. न हसणाऱ्यांतलाच होता. "एवढं पीठ, आजच्या दिवसांत, स्वतःच्या वाट्याचं, खेळायला? मला हे पटत नाही बाई. करून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता. सगळं."

मावशीने परात घेतली. पुरचुंडी सोडली. सहा वाट्या पांढरं, कोरडं पीठ परातीत पडलं. याच्यात अक्काचा अख्खा आठवडा होता. गेल्या सात महिन्यांत तिने ते डोळे भरून बघितलंसुद्धा नव्हतं, नुसतं बांधलं होतं. तिने पाण्याचा तांब्या घेतला आणि मिठाच्या बरणीत हात घातला आणि तो हात तिथेच राहिला. एकदा मीठ पडलं की परत फिरणं नाही.

"बये!" भिंतीपलीकडून अक्काचा खणखणीत आवाज आला. "मिठाला हात आखडू नकोस! मागच्या खेपेला पोरांनी खाल्लं होतं!"

"त्या कोण?" तपासनिसाने विचारलं.

"माझी बहीण. पीठ तिचंच आहे."

तीन वाट्या मीठ पडलं. मावशी मळायला लागली. मुलं एकेक करून जवळ सरकली. एवढं ताजं, मऊ, पांढरंशुभ्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं. परातीभोवती डोकीच डोकी झाली, आणि कुणीतरी आनंदाने ओरडलं, "गबदू केवढा मोठा झाला!"

मावशीचे हात थांबले.

"गबदू?" तपासनिसाने पट उघडला. बोट खाली खाली सरकत गेलं. "गबदू. सोळावं नाव. गबदू कोण आहे?"

बावीस बोटं परातीकडे. मावशीने डोळे मिटले नाहीत, पण दिसतही काही नव्हतं. आणि मग तिच्या मांडीला कुणीतरी टेकलं.

"मी," पोरगं म्हणालं. तपासनीस त्याच्याकडे बघतोय म्हटल्यावर त्याने न्याय केल्यासारखं पुढे म्हटलं, "हा पण गबदू. पण मी पहिला."

तपासनिसाने पेन्सिल कानावरून काढली आणि डोकी मोजली. दोनदा मोजली. तेवीस. "पिठाला मुलाचं नाव?"

"पोरं आहेत, साहेब. मघाशी तुमच्या शर्टालाही काहीतरी नाव ठेवलंय त्यांनी."

त्याने सोळाव्या नावापुढे खूण केली. मग परातीपाशी आला, गोळा बोटाने दाबला, चव घेतली, तोंड वाकडं केलं. "तुम्ही खरं बोललात," तो म्हणाला. "पण तुमच्या वाट्याचं असो नाहीतर कुणाच्या, अन्नाचा असा खेळ आजपासून बंद. हे मी नेतो. डब्यातलंही द्या."

नवा गोळा आणि जुना गोळा त्याने एकाच फडक्यात बांधले. मुलांना काय चाललंय ते कळेपर्यंत तो दारात पोचला होता. मग रडारड सुरू झाली. कान चावणारी मुलगी त्याच्या पायाला मिठी मारून बसली. तिला मावशीने सोडवलं. बाहेरून कडी लागली.

"गेला?" अक्काने विचारलं.

"गेला."

"नाव?"

"राहिलं."

"खोली?"

"ती पण."

"मग रडतेस कशाला?"

"मी नाही. पोरं रडतायत."

"ते ऐकू येतंय मला. मी तुझं विचारतेय."

त्या शनिवारपासून नवा तपासनीस नेमाने यायला लागला. आल्यावर मुलांना ओळीने उभं करायचा, तळहात पुढे करायला लावायचा आणि नखांत पीठ आहे का ते बघायचा. सोळाव्या नंबरचे हात इतरांपेक्षा जरा जास्त वेळ धरायचा, कारण ते आता भरत चालले होते आणि त्याला ते बघून बरं वाटायचं, असं तो एकदा म्हणालाही. त्याने कधी चिमूटभर पीठ मागितलं नाही. मागेल असंही त्याच्याकडे बघून वाटत नसे.

तरी शनिवारी पीठ आलं की मावशी सहा वाट्या मोजून फडक्यात बांधायची आणि शेगडीमागे ठेवायची, न जाणो, मागितलंच तर. पहिल्या शनिवारी अक्का काही बोलली नाही. चौथ्या शनिवारी बोलली.

"अगं, आता कुणासाठी बांधतेस? सोड ती गाठ. मला भूक लागलीये."

"थांब जरा," मावशी खिडकीच्या गजांतून बघत म्हणाली. "तो अजून अंगणात आहे."